मोठ्या बाईंची थबक

आमच्या बॅलेच्या शाळेत शिकलेलं माणूस कुठेही ओळखू येतं. गर्दीत, छत्रीखाली, पाठमोरं असलं तरी. जिना उतरून शेवटच्या पायरीवरून जमिनीवर आलं की त्याचा उजवा पाय आधी टेकतो आणि डावा मागाहून येतो, रुसलेला जावई समजूत घालून घरात आणावा तसा. त्याच क्षणी हनुवटी उजव्या खांद्याकडे वळते, तिकडून कोणी हाक मारल्यासारखी. याला आमच्याकडे थबक म्हणतात. पोस्टातली बाई थबकते. दातांचा डॉक्टर थबकतो, तेही दात हातात असताना. एकदा दोन चोर खिडकीतून उडी मारताना थबकले आणि दोघेही आपल्याच शाळेचे निघाले, असं मी सांगतो तेव्हा फौजदार म्हणतो, असं काही घडलंच नाही. पण हे सांगून जाताना तोही उंबरठ्यावर थबकतो. नाक्यावरचा चांभार फक्त उजव्या पायाचे तळ बदलून जगला. डाव्या पायाचे न झिजलेले तळ त्याच्याकडे इतके साठले की त्याने त्यांचं छप्पर केलं. यातलं छप्पर मी पदरचं घातलंय. बाकी सगळं खरं.

शाळा मोठ्या बाईंनी काढली. त्या बाहेरून आल्या तेव्हा एक पेटी, एक काळा कोट आणि ताठ मान एवढंच त्यांच्याजवळ होतं. राजधानीतल्या मोठ्या नृत्यमंडळीत त्या नाचत होत्या हे सगळ्यांना माहीत होतं. ते सोडून इथे का आल्या हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून मी तीन कारणं तयार ठेवली होती. एकात सेनापती होता, एकात घोडा, आणि तिसरं मी फक्त पुरुषांना सांगायचो. बाईंना एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तू पियानो वाजव."

तेव्हापासून वाजवतोय.

हॉल लाँड्रीच्या डोक्यावर होता, अजून आहे. खाली कपडे उकळतात, वरची फळ्यांची जमीन कोमट राहते, आणि खिडक्या बाराही महिने घामेजलेल्या. भिंतीला कमरेच्या उंचीवर लाकडी दांडा. पहिली कित्येक वर्षं आरसा नव्हता. आरशाला पैसे नव्हते आणि बाईंना तो नकोही होता. त्या मुलींकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या पाठीकडे बघा." बस्स, तेवढंच शिकवणं. कोणी विचारलं, "बाई, पाय असा का?" तर उत्तर यायचं, "तोंडाने नाच शिकवता येत नाही. बघ आणि कर." सगळ्या बघायच्या आणि करायच्या. बाईंच्या पाठीवर तीळ कुठे आहे हे गावातल्या अर्ध्या बायका आजही सांगतील.

आणि त्या उडायच्या! मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. त्या वर गेल्या की खाली येईपर्यंत मी वहीचं पान उलटायचो, चष्मा पुसायचो, आणि घाई नसली तर एक जांभई द्यायचो. मग त्या उतरायच्या. उजवा पाय, बिनआवाज. मग तो क्षण, ज्यात काहीच व्हायचं नाही. मग डावा पाय, आणि हनुवटी खांद्याकडे. त्या रिकाम्या क्षणासाठी मला सुरावट अर्धी मात्रा अडवून धरावी लागे. इतकी वर्षं धरली की आता माझ्या हातून सरळ चालीत एक गाणं निघत नाही. पियानो जुळवणारा येतो, ऐकतो आणि म्हणतो, "काका, वाद्य ठीक आहे. स्वतःलाच जुळवून घ्या."

बाईंच्या मागून शिट्टीवाले सर आले. ते आधी जहाजावर होते. बाईंचा एक कार्यक्रम पाहिला आणि जहाज त्यांच्याशिवाय निघून गेलं. तेही पाठीकडे बघून शिकले, आणि बाई थकल्यावर शिकवू लागले ते शिट्टीने. खिडकी उघडी असली की रस्त्यावरची कुत्री टाचा जुळवून उभी राहत. सरांनी थबकीला आणखी नखरा दिला. बाईंच्या थबकीत एक क्षण होता, सरांच्या थबकीत माणूस चहा पिऊन यायचा. गावाला ते फारच आवडलं. शाळेच्या दारावर थबकलेल्या मुलीचं चित्र रंगवलं गेलं ते सरांच्याच काळात.

सरांनंतर ताई. खालच्या लाँड्रीवाल्याची मुलगी. वरून पावलांचे आवाज ऐकत वाढली, आणि एक दिवस जिना चढून आली ती वरचीच झाली. ताई भली बाई. सरांनी शिकवलं तेच तिने शिकवलं, फक्त शिट्टीऐवजी टाळी. आरसा तिने लावला, पण त्यासमोरही मुलींना पाठच दाखवायची. तिची मुलगी टोळ. खरं नाव तिच्या शिक्षकांनाही आठवत नसेल. ढोपरं वर, कोपरं बाहेर, आणि एका जागी बसणं माहीत नाही, म्हणून टोळ. चौदा वर्षांची. बाईंनंतर तशी उडणारी या हॉलमध्ये दुसरी झाली नाही, आणि हे मी थापा मारायचं बाजूला ठेवून सांगतोय.

मोठ्या बाई आता नव्वदीला टेकल्या होत्या. दर शनिवारी काठी न घेता जिना चढायच्या आणि दांड्याच्या टोकाला खुर्चीत बसून वर्ग बघायच्या. बोलायच्या नाहीत. नुसत्या असायच्या, आणि त्या असल्या की मुली श्वाससुद्धा तालात घ्यायच्या.

तर टोळ राजधानीतल्या मोठ्या शाळेच्या निवडीला गेली. ताई बरोबर होती. गावाने निरोप असा दिला की जणू पोर चंद्रावर चाललीय. दुसऱ्या दिवशी दोघी परत आल्या. टोळ तडक लाँड्रीच्या मागे जाऊन बसली, आणि ताई वर हॉलमध्ये. मी धूळ झटकत होतो.

"काय झालं?" मी म्हटलं. "उडताना पोरीने छत फोडलं का त्यांचं?"

ताई हसली नाही. "त्यांनी तिला दोनदा उडवलं. मग परीक्षक बाई उठून आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, या मुलीला लंगडायला कोणी शिकवलं?"

मी झटकणं थांबवलं.

"लंगडायला?"

"लंगडायला. मी म्हटलं, ही आमच्या शाळेची थबक आहे. त्या म्हणाल्या, नाव काहीही द्या. एका पायावर सगळा भार टाकून उतरते पोर. मग त्यांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं." ताईने हात स्वतःच्या उजव्या कुल्ह्यावर ठेवला. "सांधा सुजलाय. कधीपासून दुखतंय, विचारलं, तर म्हणाली, वर्ष झालं."

"आणि तुला बोलली नाही?"

"इथे कोण बोलतं, काका?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं की असंच उतरत राहिली तर नाच सोडाच, पुढे जिनाही जड जाईल. मोठ्या शाळेने मात्र दार लावलं नव्हतं. मुलगी पुढच्या निवडीला दोन्ही पायांवर सरळ उतरली आणि सांधा शांत असला, तर घेऊ, म्हणाले. मधे एक हिवाळा होता.

ताई आधी सरांकडे गेली. मीही गेलो, भांडण ऐकायला नाही, सोबत म्हणून. ऐकायला भांडण मिळालं.

"थबक काढायची?" सर खुर्चीतून उठलेच. "मग मागे उरतं काय? व्यायाम! शाळेत कवायत असते, तिथे पाठव पोरीला."

"सर, तिचा सांधा जातोय."

"माझा गेला का? इतकी वर्षं नाचलो!"

"तुम्ही खुर्चीतून उठताना टेबल धरलंत."

"टेबल चांगलं आहे म्हणून धरलं!"

"बरं, एवढंच सांगा. बाईंनी थबक का ठेवली होती? कशासाठी?"

सरांनी कधी विचारलंच नव्हतं. "बाई करायच्या," ते शेवटी म्हणाले. "बाई करायच्या म्हणून सुंदर होतं."

ताईने थबक काढायला घेतली. बोलायला सोपं. मुलींकडे तोंड करून उभी राहिली तर मुलींना कुठे बघावं तेच कळेना. पाठीकडे बघायची सवय, समोर चेहरा आला की लाजून हसायला लागल्या. दोन्ही पायांवर उतरा म्हटलं की बटाट्याची पोती टाकल्यासारख्या धपाधप पडायच्या. खालून लाँड्रीवाला, म्हणजे ताईचा बाप, छतावर झाडू मारायचा. मी अर्धी मात्रा सोडून वाजवायला लागलो तर बोटं एकमेकांवर आपटली.

टोळला डॉक्टरांनी उड्या बंद केल्या होत्या. ती नुसती गुडघे वाकवून सरळ करायची, दांडा धरून, दात खात.

आणि शनिवार यायचाच होता. मोठ्या बाईंसमोर हे कसं चालवायचं? गावातली सगळ्यात ताठ बाई. हयातभराची खूण, दारावर रंगवलेली, आणि आपण ती पोरींच्या पायातून काट्यासारखी उपटतोय. ताई म्हणाली, "काका, त्यांना थोडे दिवस लांब ठेवा. तुम्हाला जमेल."

मला जमेल! मी तर याच कामासाठी जन्मलो. पहिल्या शनिवारी जिना धुतलाय म्हणून सांगितलं. दुसऱ्या शनिवारी वाफेचा नळ फुटला. तिसऱ्या शनिवारी पियानोत उंदरीण व्याली, आणि पिल्लं डोळे उघडेपर्यंत वर्ग बंद. चौथ्या शनिवारी मी जहाजाची गोष्ट तयार केली होती. मी ती त्यांच्या दारात उभा राहून सांगत होतो, आणि बाई कोटाची बटणं लावत होत्या.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"अजून जहाज बुडायचंय."

"बुडव आणि मागून ये."

जिना त्या नेहमीसारख्याच चढल्या, पण मी पहिल्यांदाच मागून बघत होतो. प्रत्येक पायरीवर उजवा पाय आधी. मग थांबणं. मग डावा. इतक्या वर्षांत मला ते कधी चढणं वाटलं नव्हतं, नाच वाटला होता.

वर ताईने त्यांना पाहिलं आणि तिची टाळी हवेतच राहिली. बाई खुर्चीत बसल्या. "चालू दे." मुली उडाल्या. धप. पुन्हा धप. खालून झाडू. बाईंच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात राग पाहिला नव्हता, कारण राग यायच्या आधीच समोरचा सुधारायचा. आज तो वाट काढत वर आला.

"हे काय चाललंय?"

"बाई," ताई म्हणाली, "उतरणं बदलतोय आपण."

"कोणाला विचारून?"

उत्तर दिलं ते कोपऱ्यात दांडा धरून उभ्या टोळने. या पोरीला भीती वाटायची ती फक्त बसून राहायची.

"थबकीने दुखतं, मोठ्या बाई. फार दुखतं. म्हणून बदलतोय."

"कुठे दुखतं?"

टोळने उजव्या कुल्ह्यावर हात ठेवला.

"काहीतरी सांगू नकोस," बाई फटकन म्हणाल्या. "उजवं कसं दुखेल? दुखतं ते डावं."

खाली यंत्र कपडे घुसळत होतं. बाईंचा हात, त्यांना न विचारताच, त्यांच्या स्वतःच्या डाव्या कुल्ह्यावर जाऊन बसला होता. तो त्यांनी पाहिला. आम्ही सगळ्यांनी पाहिला. मग त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्या कोणाची वस्तू परत करावी तसा.

राजधानीतली मंडळी त्यांनी का सोडली, त्याचं उत्तर तिथे मांडीवर पडलं होतं. ना सेनापती, ना घोडा. डावा सांधा गेलेली नाचणारी बाई. तिला पुढे नाचू देणार नव्हते, आणि लंगडी मास्तरीण म्हणून कोणी मुली पाठवल्या नसत्या. म्हणून तिने दुखऱ्या पायाला थोडा उशीर करून दिला, चेहरा पलीकडे वळवला, म्हणजे कळ येते ती दिसू नये. आणि पाठ करून शिकवलं.

"कोणाकोणाला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

ताईकडे दोन उत्तरं होती आणि दोन्ही वाईट. माहीत होतं म्हणावं, तर बाईंनी आयुष्यभर जे झाकलं ते उघडंच होतं. नव्हतं म्हणावं, तर बाईंचं लंगडणंच सगळं गाव नाच समजून शिकलं होतं.

"कोणालाच नाही, बाई," ताई म्हणाली. खरं तेच होतं.

"इतकं चांगलं लपवलं मी?"

माझ्याकडे अशा वेळची एकही गोष्ट नव्हती.

मग बाईंनी सगळ्या मुलींना ओळीत उभं केलं. एकेकीच्या उजव्या कुल्ह्यावर तळवा टेकवून विचारलं, "दुखतं?"

"नाही, बाई."

"दुखतं?"

"नाही, बाई."

हनुवट्या वर, पाठी ताठ. एवढ्यात शिट्टीवाले सर आले, बाई वर गेल्याचं ऐकून धावतच आले असणार, कारण भिंतीला टेकून उभे होते. बाईंनी त्यांनाही विचारलं.

"मला? छे! ठणठणीत!" सर म्हणाले आणि भिंत आणखी घट्ट धरली.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "खोटं बोलायलाही मीच शिकवलं वाटतं," त्या हळूच म्हणाल्या.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती चहाबरोबर सांगत फिरलो असतो. पण बाईंनी स्वतः ताईला सांगितलं, थबक बंद, आणि गाव पेटलं. थबक नाही तर शाळा कसली, म्हणून आयांनी मुली काढल्या. त्या आया याच हॉलमध्ये शिकलेल्या, आणि भांडून जिना उतरताना प्रत्येक पायरीला कठडा धरत होत्या. सरांनी टायरच्या दुकानामागच्या खोलीत वेगळा वर्ग काढला आणि पाटीवर लिहिलं, अस्सल थबक शिकवली जाईल. निघून गेलेल्या सगळ्या तिथे. बाई तिथेही गेल्या. मी कोट धरायला बरोबर.

"बंद कर," बाई म्हणाल्या.

"बाई, मी तुमचंच जपतोय."

"ते माझं दुखणं आहे. तू त्याची शाळा काढलीस."

"शाळा तुम्हीच काढलीत," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनी शिट्टी ओठांना लावली आणि मुली उडाल्या. उतरल्या त्या इतक्या सुंदर, की बाईंनी मान फिरवली. मला विचाराल तर तसं सुंदर मी पुन्हा पाहिलं नाही, आणि ते सांगताना मला चोरी केल्यासारखं वाटतं.

हिवाळा सरला. आमच्या हॉलमध्ये मूठभर मुली उरल्या. डॉक्टरांनी टोळला लहान उड्यांची परवानगी दिली, दुखलं तर थांबायच्या अटीवर. निवड तोंडावर आली होती. शनिवारी बाई खुर्चीत, ताई समोर, मी पियानोवर. टोळ उडाली. सांगितली होती लहान उडी, पण वर तशीच गेली, मला जांभईला वेळ मिळेल इतकी. उतरली ती दोन्ही पायांवर, सरळ, जेमतेम आवाज करत. ताईने तोंडावर हात धरला.

"दुखलं?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई," टोळ म्हणाली. हनुवटी वर.

या हॉलमध्ये दुखतं म्हणणारी आजवर एकच पोर होती, आणि आता तिच्यापाशीही न सांगायला कारण होतं. बाईंनी तिला जवळ बोलावलं, तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"थरथरतंय," त्या ताईला म्हणाल्या. "नेऊ नकोस हिला."

"दमले म्हणून थरथरतंय! आई, सांग ना! पुढल्या वर्षी माझं वय निघून जाईल!"

ताईने बाईंकडे पाहिलं, मग मुलीकडे. ती माय होती, ती मास्तरीण होती, आणि तिलाही त्या निवडीची स्वप्नं पडत होती. मला वाटलं, ती हो म्हणणार. मी तर तिच्या जागी म्हणालोच असतो.

"बूट काढ," ताई म्हणाली.

टोळने काढले. फेकले नाहीत, दांड्याखाली नीट ठेवले, तेच बघवेना. मग ती बाईंपुढे येऊन उभी राहिली.

"तुम्ही नव्हतात थांबलात."

"नाही," बाई म्हणाल्या. "मला कोणी थांबवलं नाही."

"बरं झालं ना मग! तुम्ही नाचलात तरी!"

टोळ जिन्याने खाली गेली. आम्ही तिघं ऐकत राहिलो, पाय सरळ पडतात की थबकतात ते. वाफेच्या यंत्राने मधेच आवाज चढवला आणि नीटसं काही कळलं नाही.